उत्तरेकडच्या आदिवासींचा रक्तदाब आणि जनुकांवर फोडलेले खापर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या पंधरवड्यात उत्तर ध्रुवालगत राहणाऱ्या आदिवासी समाजांतील उच्च रक्तदाबावर एक लेख प्रसिद्ध झाला. असा विषय मराठी वृत्तपत्रात वाचायला मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला आणि मी तो लेख दोनदा वाचला. परंतु त्याचा मथळा आणि शेवटचा परिच्छेद वाचून वाचकाची समजूत अशी होते की या लोकांचा उच्च रक्तदाब त्यांच्या जनुकांतूनच आलेला आहे आणि त्यावर फारसे काही करण्यासारखे नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि रक्तदाबाचे नियमन हा माझा सर्वांत आवडीचा पाठ होता. म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखात ज्या जनुकांचा दाखला दिला आहे ती जनुके खरी आहेत, त्यांवरील संशोधनही उत्तम आहे. पण ती रक्तदाबाची जनुके नव्हेत.

आधी एक छोटी गोष्ट नावाची. लेखात सर्वत्र 'एस्किमो' हा शब्द वापरला आहे. कॅनडा आणि ग्रीनलंडमधील लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, दुसऱ्यांनी दिलेले जुने नाव त्यांना अपमानास्पद वाटते, आणि १९७७ मध्ये स्थापन झालेली त्यांची आंतरराष्ट्रीय परिषदही इनुइट याच नावाने ओळखली जाते. शिवाय 'उत्तरेकडचे आदिवासी' म्हणजे एकटे इनुइट नव्हेत. सैबेरियातील साखा (ज्यांना रशियन लोक याकूत म्हणतात), नेनेत्स, एवेन्की आणि चुकची, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडमधील सामी, उत्तर कॅनडातील क्री आणि ओजी-क्री अशा अनेक समाजांना आपण या एका शब्दात कोंबतो. कोणी सील आणि व्हेल मारून जगत आले, कोणी रेनडिअरचे कळप राखले, तर साखा लोक कित्येक शतके गुरे आणि घोडे पाळत आले आहेत. त्यांचे पूर्वज एक नाहीत, आहार एक नाही, आणि रक्तदाबाचे आकडेही एक नाहीत.

आता जनुकांकडे वळते. लेखातील मुख्य दाखला ग्रीनलंडचा आहे. २०१४ मध्ये डॅनिश आणि ग्रीनलंडच्या संशोधकांनी सुमारे अडीच हजार लोकांच्या तपासणीतून दाखवून दिले की तेथील लोकसंख्येत 'टीबीसी१डी४' या जनुकाचा एक बदललेला प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला, तर जेवणानंतर रक्तातील साखर स्नायूंमध्ये शिरण्याच्या क्रियेत अडथळा येतो आणि टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे दहा पटींनी वाढतो. ग्रीनलंडमधील मधुमेहाच्या दहापैकी एकाहून अधिक रुग्णांचा उलगडा या एकट्या जनुकाने होतो. कोणत्याही नेहमीच्या आजाराच्या बाबतीत एकाच जनुकाचा इतका मोठा वाटा क्वचितच सापडतो, त्यामुळे त्या शोधाचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण तो शोध साखरेविषयी आहे. मधुमेह आणि रक्तदाब पुष्कळदा एका घरात नांदतात हे खरे असले, तरी एकाचे जनुक दुसऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही.

दुसरा दाखला २०१५ सालच्या अभ्यासाचा आहे. त्यात ग्रीनलंडच्या १९१ इनुइटांच्या जनुकांची युरोपीय आणि चिनी लोकांच्या जनुकांशी तुलना केली होती, आणि अकराव्या गुणसूत्रावरील 'एफएडीएस' या जनुकसमूहावर नैसर्गिक निवडीचा (उपयोगी जनुके पिढ्यान्‌पिढ्या टिकून वाढत जाण्याचा) ठसा स्पष्ट दिसला होता. वनस्पतींतून मिळणाऱ्या साध्या मेदाम्लांपासून ओमेगा-३ सारखी लांब साखळीची मेदाम्ले तयार करण्याचे काम ही जनुके करतात. ज्या माणसाला सील आणि माशांच्या चरबीतून ती तयारच मिळतात त्याच्या शरीराला हा कारखाना पूर्ण वेगाने चालवण्याची गरज नसते, आणि इनुइटांमध्ये तो मंदावलेलाच आढळला. या जनुकांचा परिणाम उंचीवर आणि वजनावरही दिसला. त्या अभ्यासाची मला विशेष वाटणारी शिकवण अशी, की इनुइटांच्या आहारावरून निघालेला आरोग्याचा सल्ला जसाच्या तसा इतरांना लागू करता येत नाही, कारण त्या आहाराशी त्यांचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आले आहे. लेखकाने मात्र यावरून 'रक्तदाबाचा वारसा' असा निष्कर्ष काढला आहे. मेदाम्लांचा रक्तवाहिन्यांशी संबंध आहेच, पण तेथून रक्तदाबापर्यंत जाण्याच्या वाटेत इतके फाटे फुटतात की शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

मग रक्तदाबाची जनुके नाहीत काय? आहेत, आणि पुष्कळ आहेत. एकाच कुटुंबातील आणि जुळ्या भावंडांमधील अभ्यासांवरून असे दिसते की माणसामाणसांतील रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासानंतर माणसाच्या जनुकसंचातील रक्तदाबाशी संबंधित जागांची संख्या ९०१ वर पोचली, आणि पुढे ती आणखी वाढली. पण यातील एकेका जागेचा परिणाम बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरइतकाही नसतो. मूत्रपिंडाने मीठ किती राखून ठेवावे, धमन्यांच्या भिंतींनी किती आवळून धरावे, संप्रेरकांना किती प्रतिसाद द्यावा, अशा शेकडो बारीक गोष्टींवर ही जनुके किंचित किंचित जोर लावतात आणि त्यांची बेरीज प्रत्येक माणसात वेगळी होते. एका जनुकाच्या बिघाडाने उच्च रक्तदाब होण्याचे आजार आहेत; लिडल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात मूत्रपिंड मीठ सोडतच नाही. मात्र असे आजार फार विरळ असतात आणि कोणत्याही समाजाच्या सरासरी रक्तदाबाचा अर्थ त्यांवरून लागत नाही.

उत्तरेकडच्या एका समाजात रक्तदाबाच्या नेमक्या जनुकाचा शोध घेतला गेला, तो दाखला लेखात यायला हवा होता. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला सँडी लेक नावाची ओजी-क्री लोकांची वस्ती आहे. १९९०च्या दशकात रॉबर्ट हेगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मधुमेहाबरोबर रक्तदाबाचाही अभ्यास केला आणि १९९७ मध्ये अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाच्या जनुकातील फरकाचा रक्तदाबाशी संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. हे प्रथिन यकृतात तयार होते. मूत्रपिंडातून आलेले रेनिन ते तोडते, त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन बनते, आणि ते धमन्या आवळते व शरीरात मीठ राखून ठेवायला लावते. आज लाखो लोक ज्या गोळ्या रोज घेतात त्यांपैकी बऱ्याच गोळ्या याच साखळीत कुठेतरी अडसर घालतात. तेव्हा हा धागा खरा आहे आणि जनुकीय आहे. पण हेच जनुक युरोपीय, आफ्रिकी आणि आशियाई लोकांतही त्याच कारणाने चर्चेत आलेले आहे. ते ओजी-क्रींची खासियत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अक्षांश आणि रक्तदाब यांविषयीचा सर्वांत गाजलेला जनुकीय सिद्धान्त लेखाच्या नेमका उलट जातो. २००५ मध्ये मांडलेल्या या सिद्धान्तानुसार उष्ण प्रदेशात घामावाटे मीठ आणि पाणी सतत निघून जात असल्यामुळे मीठ धरून ठेवणारी आणि धमन्या चटकन आवळणारी जनुके आपल्या आफ्रिकी पूर्वजांना उपयोगी होती. माणूस जसजसा थंड प्रदेशांकडे सरकला तसतशी त्यांची गरज कमी झाली आणि त्यांचे प्रमाणही उत्तरेकडे घटत गेले. हा सिद्धान्त मान्य केला, तर ध्रुवालगतच्या लोकांना वारशाने उच्च रक्तदाबाचा धोका कमी मिळायला हवा. सिद्धान्तावर आक्षेप आहेत आणि मी तो अंतिम सत्य म्हणून मांडत नाही. परंतु 'उत्तरेकडची जनुके म्हणून रक्तदाब' असे सरसकट लिहिण्याआधी त्याचा विचार व्हायला हवा होता.

जनुकांच्या बाजूने बोलणारा एक पुरावा मात्र सैबेरियातून येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ध्रुवालगतच्या आदिवासींचा आधारभूत चयापचय, म्हणजे काही न करता स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करते ती, इतरांपेक्षा जास्त असते. पुरुषांत ती अपेक्षेपेक्षा ७ ते १९ टक्क्यांनी अधिक भरल्याच्या नोंदी आहेत. हिवाळ्यात पारा उणे ५० अंशांखाली उतरतो अशा मुलखात शरीराची भट्टी सतत पेटती ठेवावी लागते आणि त्यात थायरॉईडच्या संप्रेरकांचा मोठा वाटा असतो. साखा लोकांमध्ये काम करणाऱ्या जोश स्नॉडग्रास, विल्यम लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की ज्यांचा आधारभूत चयापचय जास्त त्यांचा रक्तदाबही जास्त असण्याकडे कल दिसतो. थंडीत तगून राहण्यासाठी कमावलेले सामर्थ्यच बदललेल्या परिस्थितीत रक्तदाबाला हातभार लावत असावे, ही शक्यता मला फार विचार करण्यासारखी वाटते. पण या वाढलेल्या चयापचयातील किती भाग जन्मतः मिळालेला आणि किती भाग दर हिवाळ्यात शरीराने नव्याने कमावलेला, हे वेगळे काढणे सोपे नाही.

ते किती अवघड आहे हे एका साध्या प्रयोगातून कळते. मी तो विद्यार्थ्यांकडून दर वर्षी करवून घेत असे. एका दंडाला पट्टा बांधायचा, दुसरा हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात एक मिनिट बुडवायचा आणि रक्तदाब मोजत राहायचे. पहिल्या दहा-वीस सेकंदांतच मुले दात-ओठ खाऊ लागतात, बोटे लालबुंद होतात, आणि स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येण्याची जागा नळीतल्या पाऱ्यावर दहा, वीस, कधी तीस मिलिमीटर वर सरकलेली असते. थंडी लागली की त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्याचा हा परिणाम. कॅनडातील संशोधक जॅक लेब्लाँक यांनी १९६०च्या सुमारास क्वेबेकमधील गास्पे किनाऱ्यावरच्या कोळ्यांवर असेच प्रयोग केले. हे कोळी इनुइट नव्हते, मात्र थंडगार पाण्यातली जाळी हाताळण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या हातांना थंड पाण्याचा त्रास कमी झाला आणि रक्तदाबही कमी वाढला. वारसा वेगळा असूनही कामाने शरीर बदलले. इनुइटांच्या हातांतही असा टणकपणा दिसतो, पण तेवढ्यावरून त्याला जनुकांचे देणे म्हणता येत नाही.

(रक्तदाब मोजताना ज्या ठोक्यांचा आवाज आम्ही ऐकतो, त्यांना निकोलाय कोरोत्कोव्ह यांचे नाव आहे. त्यांनी ही पद्धत १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडली आणि पुढे ते सैबेरियात, लेना नदीच्या मुलखातील सोन्याच्या खाणींवर डॉक्टर म्हणून राहिले. साखांचा प्रदेश तेथून लांब नाही. सैबेरियातील रक्तदाबाविषयी वाचताना मला त्यांची हटकून आठवण होते.)

आता मी ज्याला या सगळ्या चर्चेचा कणा मानते तो पुरावा. पीटर बियरगोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडमध्ये राहणाऱ्या इनुइटांचा आणि डेन्मार्कमध्ये येऊन स्थायिक झालेल्या इनुइटांचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना केली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांचा रक्तदाब अधिक होता. लोक तेच, पूर्वज तेच, जनुके तीच. बदलला तो देश, घर, ताट, काम आणि दिवसाची घडी. जनुके हेच मुख्य कारण असते तर हा फरक पडलाच नसता. निरनिराळ्या देशांतील इनुइटांच्या मोजण्या एकत्र ठेवून २००३ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात त्यांचा सरासरी रक्तदाब बहुतेक युरोपीय समाजांपेक्षा कमीच आढळला, आणि एका इनुइट समाजाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. आपल्या पुरवणीतील लेख वाचून कोणाला असे वाटले असते काय?

बदलाचा वेगही पाहावा. जनुकांचे प्रमाण बदलायला शेकडो पिढ्या लागतात. उत्तर कॅनडातील इनुइट कुटुंबे विखुरलेल्या तळांवरून कायमच्या वस्त्यांत आली ती मुख्यतः १९५० आणि १९६०च्या दशकांत. काही कुटुंबांना तर सरकारने १९५३ मध्ये उत्तर क्वेबेकमधून उचलून शेकडो कोस दूर, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड येथे नेऊन ठेवले आणि त्याबद्दल कॅनडाच्या सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. सोव्हिएत राजवटीत सैबेरियातील रेनडिअर पाळणाऱ्यांना सामूहिक शेतांत गोळा केले गेले, आणि १९९१ नंतर ती शेते मोडली तेव्हा जगण्याची घडी दुसऱ्यांदा विस्कटली. आजोबांच्या ताटात सीलचे ताजे मांस होते, नातवाच्या ताटात डब्यातले खारवलेले मांस, पाव, चिप्स आणि गोड पेये आली. ही सारी दोन-तीन पिढ्यांची गोष्ट आहे. आणि दुकानातले बरे अन्न विमानाने येत असल्यामुळे इतके महाग असते की २००७-०८ च्या पाहणीत नुनावुत या उत्तर कॅनडातील इनुइट प्रदेशातल्या सुमारे ७० टक्के घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. मीठ, वजन, तंबाखू, बेकारी, दाटीवाटीची घरे यांविषयी मी इथे अधिक लिहीत नाही, कारण आपल्या वाचकांना त्यांचा रक्तदाबाशी असलेला संबंध ठाऊक आहे.

परंपरागत आहारावर परतणे हाही सरळ मार्ग राहिलेला नाही. क्वेबेकच्या उत्तरेकडील नुनाविक भागात २००४ मध्ये झालेल्या आरोग्य पाहणीच्या आधारे संशोधकांना आढळले की ज्या इनुइटांच्या रक्तात पारा जास्त त्यांचा रक्तदाबही जास्त होता. हा पारा त्यांनी निर्माण केलेला नाही. जगभर कोळसा जाळून आणि सोन्याच्या खाणींतून तो हवेत जातो, वाऱ्याबरोबर ध्रुवापर्यंत पोचतो, समुद्रात उतरतो आणि माशांतून सील व व्हेलच्या मांसात साठत जातो. कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आपल्या विदर्भातही आहेत, तेव्हा या प्रश्नापासून आपण अगदीच लांब उभे आहोत असे म्हणता येणार नाही. ज्या मांसातील ओमेगा-३ हृदयाला हितकारक, त्याच मांसातल्या पाऱ्याने रक्तदाब वाढण्याची भीती, अशा पेचात तेथील आया रोजचा स्वयंपाक करतात. असे असताना 'तुमची जनुकेच तशी' हे उत्तर त्यांना देणे मला अन्यायाचे वाटते.

याच संदर्भात जुन्या समजुतीचीही आठवण ठेवली पाहिजे. १९७० मध्ये हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश संशोधक कुत्र्यांच्या गाडीतून ग्रीनलंडच्या उमानाक भागात रक्ताचे नमुने घेत फिरले, आणि त्यांच्या लेखांमुळे इनुइटांना हृदयविकार होतच नाही अशी समजूत जगभर रूढ झाली. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आपल्या औषधाच्या दुकानांत आल्या त्या याच वाटेने. पुढे जुन्या नोंदी नीट तपासल्यावर दिसले की हृदयविकार तेथेही होता, आणि मेंदूतील रक्तस्रावाने व पक्षाघाताने होणारे मृत्यू तर इतर पाश्चात्त्य लोकांपेक्षा जास्तच होते. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब आहे हे वेगळे सांगायला नको. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी यांच्या शरीराला अभेद्य ठरवले गेले, आणि आज जन्मजात दुबळे ठरवले जात आहे. दोन्ही वेळा त्यांच्या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी वेळेवर पोचते की नाही, हा प्रश्न मागेच राहिला.

जनुकीय संशोधन थांबवावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट ते या समाजांत अधिक व्हायला हवे. २०१९ च्या एका मोजणीनुसार अशा मोठ्या जनुकीय अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बांधलेले धोक्याचे गणित इनुइटाला किंवा साखाला लावले तर चुकण्याची शक्यता मोठी, आणि आपल्यालाही ते तितकेच लागू आहे. शिवाय ग्रीनलंडसारख्या ठिकाणी पूर्वजांची संख्या लहान असल्यामुळे काही जनुके इतकी सर्रास झाली आहेत की त्यांचे काम तेथे स्पष्ट दिसते. 'टीबीसी१डी४' सापडले ते म्हणूनच. पण रक्त कोणाचे, कशासाठी घेतले आणि पुढे त्याचे काय केले, याचा हिशोब द्यावा लागतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नू-चाह-नुल्थ लोकांनी १९८०च्या दशकात संधिवाताच्या संशोधनासाठी आठशेहून अधिक जणांचे रक्त दिले होते. ते त्यांना न विचारता दुसऱ्याच अभ्यासांसाठी वापरले गेले, देशोदेशी फिरले आणि २००४ मध्ये त्यांना परत मिळाले. इनुइटांच्या कॅनडातील राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाविषयीचे स्वतःचे धोरण जाहीर केले, त्यामागे अशा अनुभवांची पार्श्वभूमी आहे. संशोधनाला त्यांचा विरोध नाही; त्यांना त्यात भागीदारी हवी आहे.

हे सर्व मी इतक्या आग्रहाने लिहिते याचे एक कारण मी स्वतः पाहिलेले आहे. निवृत्तीनंतर सुरगाणा तालुक्यातील एका आरोग्य शिबिरात मी रक्तदाब मोजायला बसत असे. एक आजी आल्या, साठीच्या पुढच्या, हातात काठी. "आजी, हात सैल सोडा," असे म्हणून मी पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि पारा खाली सोडू लागले तो १८४ वरच ठोका सुरू झाला. पुन्हा मोजला, तरी तेवढाच. शेजारी बसलेला तरुण डॉक्टर सहज म्हणाला, "मॅडम, ह्या लोकांच्यात ते असतंच." तो मुलगा कामसू होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हते, त्याने ते कुठेतरी वाचलेले होते. मी आजींना विचारले, तेव्हा कळले की वर्षापूर्वी त्यांना हे दुखणे असल्याचे सांगून महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या. "गोळी संपली तशी राहिलीच मग. तालुक्याला जायचं म्हंजे दिवस मोडतो," त्या म्हणाल्या. घरी नागलीची भाकरी असते, सोबत कोरड्यास म्हणून मिठाचा खडा, मिरची आणि सुकट. या उत्तरात जनुकाचा कुठे संबंध होता?

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की देशातील दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, आणि ग्रामीण गडचिरोलीतील अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी साधारण एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला. आपल्या आदिवासींची जनुके इनुइटांची नाहीत, हवामान तर अगदी विरुद्ध टोकाचे. तरीही बर्फातील वस्ती आणि सह्याद्रीतील पाडा या दोन्ही ठिकाणी रक्तदाब वाढतो आहे, दोन्ही ठिकाणी ताट बदलले आहे, आणि दोन्ही ठिकाणी दवाखाना लांब आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की त्या लेखाच्या मथळ्याविषयी पुढच्या पुरवणीत खुलासा द्यावा: ग्रीनलंडमध्ये सापडलेली जनुके मधुमेहाशी आणि मेदाम्लांशी संबंधित आहेत, रक्तदाबातील जनुकांचा वाटा शेकडो बारीक तुकड्यांत विभागलेला आहे, आणि डेन्मार्कमध्ये गेलेल्या इनुइटांचा रक्तदाब त्यांच्या मायभूमीतील भावंडांपेक्षा अधिक आढळला आहे. ही शेवटची गोष्ट ठळक अक्षरांत छापलीत तर मी आपली ऋणी राहीन, कारण ज्यांच्या घरी बीपीची गोळी अर्ध्यावर सोडलेली आहे अशी माणसे आपली पुरवणी वाचतात आणि मथळ्यावर विश्वास ठेवतात. रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाड्यापर्यंत दर महिन्याला पोचतात की नाही, याची एकदा आपल्या वार्ताहरांकडून सुरगाणा, पेठ, अक्कलकुवा आणि भामरागड या तालुक्यांत पाहणी करवून घ्यावी. त्या कामात रक्तदाब मोजायला किंवा आकडे तपासायला माणूस लागला, तर मी यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
नाशिक